मागची खोली

गणपती गेले की आमच्या घरात जेवायला बसायची जागा उरत नसे. कृष्णराजनगरच्या बाजाररस्त्यावर अप्पांचं शिवणाचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि दसऱ्याचं काम आलं की ती खोली मागे मागे पसरत यायची. आधी पडवीत कापडाचे गठ्ठे, मग माजघरात, शेवटी चुलीपासून हातभर अंतरावर बेतलेल्या सदऱ्यांची थप्पी. दोन मशिनं सकाळपासून चालत. एकावर अप्पा, दुसऱ्यावर पगारी कारागीर. त्या आवाजात मी अभ्यास केला, आजारी पडले, मोठी झाले. अजूनही कुठे मशिनचा आवाज चालता चालता थांबला की मला भूक लागते, कारण मशिन थांबलं म्हणजे जेवण, हे अंगात भिनलेलं आहे. जेवण बहुधा एकच. सकाळी मोठ्या पातेल्यात भात आणि वर हुळी, म्हणजे डाळ-चिंचेचं आमचं तिकडचं कालवण. रात्री तोच भात ताकात कालवून, बरोबर चटणीपूड. आई ताट मांडीशी घेऊन बसे आणि जेवता जेवता डाव्या हाताने शर्टांची बटणं ओढून बघत असे. काजं करणं, बटणं लावणं, खालची दुमड हाताने घालणं, हे सगळं तिच्याकडे. हे काम बाहेर मजुरीने द्यावं लागलं असतं तर धंदा परवडला नसता, असं अप्पा आल्यागेल्याला अभिमानाने सांगायचे. आईसमोरच सांगायचे.

या सगळ्या दगदगीच्या शेवटी आमची वर्षातली एकुलती एक सहल असे, म्हैसूरचा दसरा. अष्टमीच्या दुपारी शेवटचं गिऱ्हाईक कपडे घेऊन गेलं की अप्पा दुकानाच्या फळ्या लावत, मोठी कात्री धुऊन पुसून फडक्यात गुंडाळत आणि पिशवीत ठेवत, कारण नवमीला तिची पूजा व्हायला हवी. मग आम्ही चौघं, म्हणजे अप्पा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ वसंता, गाडीने म्हैसूरला जात असू. बरोबर स्टोव्ह, तांदूळ, चटणीपूड, दोन वळकट्या. अप्पांचा हिशोब साधा होता: शहरात जाऊन शहराला काही द्यायचं नाही. पण शहर दर वर्षी थोडं जास्त मागत होतं. स्टेशनावर उतरल्याबरोबर टांगेवाल्याचा भाव ऐकून अप्पा एकदा आकाशाकडे बघत आणि आम्ही चालायला लागत असू. कॉफी महागली, प्रदर्शनाचं तिकीट महागलं, मिरवणूक बघायला गच्चीवर उभं राहण्याचेसुद्धा लोक पैसे घ्यायला लागले. हे सगळं अप्पा चालता चालता सांगत, आणि आई डोक्यावरची वळकटी सावरत म्हणे, "हौद, हौद." हौद म्हणजे हो. आमच्या घरी मराठीच बोलायचे, पण पुण्याकडचा एखादा पाहुणा आला तर त्याला निम्मं कळायचं नाही, इतकं कन्नड त्यात मुरलेलं होतं.

राहायला आम्ही नजरबादला जायचो. तिथे अप्पांचे चुलतभाऊ राहत. काका सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या घराला पुढे दोन खोल्या जास्तीच्या होत्या. तिथे आम्ही पसरायचो, काकूच्या स्वयंपाकघरात आई राबायची आणि शेजारच्या घरांत दसऱ्यासाठी मांडलेली बाहुल्यांची आरास मी बघून यायची. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी गणपतीतच काकांचा निरोप आला. दसऱ्यात बाहेरगावची माणसं खोलीला काय वाटेल ते द्यायला तयार असतात, पोरांच्या शिक्षणाचा खर्च आहे, तेव्हा यंदा पुढच्या दोन्ही खोल्या भाड्याने दिल्या आहेत, राग मानू नये. अप्पांनी राग मानला नाही. त्यांच्या जागी आपणही हेच केलं असतं, असं ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी एकाच सदऱ्याची बाही दोनदा उसवली.

आईला तेव्हा बरं नव्हतं. त्या उन्हाळ्यात तिचं एक बाळ पोटातच गेलं होतं. घरात याबद्दल कुणी बोलत नसे. मी नववीत होते, मला जे कळलं ते न्हाणीघराच्या दाराआडून कळलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विश्रांती सांगितली होती. अप्पांनी टॉनिकच्या बाटल्या आणल्या, त्यात कसर केली नाही. विश्रांती मात्र कुठून आणायची हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आईलाही नव्हतं. बाटल्या संपल्या. गणपती आले, गेले, कापड आलं. आई पूर्वीसारखीच सगळं करत होती, फक्त मधेच काम करता करता थांबायची आणि आपण काय करत होतो ते आठवत असल्यासारखी समोर बघत राहायची. यंदा जाऊ नये दसऱ्याला, असं ती एकदा म्हणाली. वसंताने भोकाड पसरलं आणि तो विषय तिथेच राहिला.

मग अप्पांना एक सोय सापडली. म्हैसूरात आमच्या समाजाचं एक विठ्ठलमंदिर होतं, मागे मोठा दिवाणखाना आणि मुदपाकखाना. दसऱ्यात बाहेरगावच्या समाजबांधवांना दिवाणखान्यात फुकट उतरायला मिळे, दोन्ही वेळची पंगतही मिळे. अट एवढीच की घरातल्या बायकांनी मुदपाकखान्यात हात लावायचा. अप्पा ही बातमी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. स्टोव्ह न्यायला नको, तांदूळ न्यायला नको. या महागाईत याहून स्वस्त राहणं म्हैसूरात कुणाला जमणार नाही, असं ते दोनदा म्हणाले. आई दोऱ्याला गाठ मारत होती. ती म्हणाली, "बरं."

मुदपाकखाना अंबूबाई नावाच्या एका विधवा बाईंच्या ताब्यात होता. उंच, काटक बाई. आवाज न चढवता माणसाला कामाला लावायची हातोटी त्यांच्याकडे होती. दिवाणखान्यात आमच्यासारखी बरीच कुटुंबं उतरलेली, त्यामुळे पंगत मोठी. अष्टमीच्या संध्याकाळी आम्ही वळकट्या टेकल्या तोच अंबूबाई दारात आल्या आणि आईकडे बघून म्हणाल्या की वाटणाच्या रगड्यावर बसायला कुणी नाही. आई उठली. तिच्यामागे मी. खोबरं, मिरच्या, धने यांचं वाटण, वड्यांची डाळ, सगळं त्या दगडी रगड्यावर. बत्ता इतका जड की मला तो एका हाताने फिरवता येत नसे. आई फिरवायची, मी कडेने वाटण आत लोटायची. नवमीला पुढे देवळात सगळ्या शिंप्यांनी आपापल्या कात्र्या विठ्ठलाच्या पायाशी ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं. टाळ वाजत होते, अप्पा त्यात पुढे होते. आम्हाला आत फक्त आवाज येत होता. दुपारी पुरुष आणि मुलं प्रदर्शन बघायला गेली. संध्याकाळी राजवाड्यावरचे दिवे बघून आलेला वसंता ते किती होते हे सांगत होता. आई काहिलीतला भात उलथत उभी होती. तिने भिंतीला खांदा टेकला होता आणि तिचे डोळे उघडे होते, पण ती झोपलेली होती. हे मला कसं कळलं ते सांगता येणार नाही. अंबूबाईंनाही कळलं असावं. त्यांनी तिच्या हातातलं उलथणं काढून घेतलं आणि जरा पडून ये म्हणाल्या. आई दिवाणखान्यात गेली. तिथे मुलं खेळत होती, दिवे जळत होते, म्हातारे पुरुष गप्पा मारत बसले होते. सगळ्यांदेखत एका बाईने भरल्या दिवशी आडवं व्हायचं कसं. ती आली तशी परतली.

आता मी म्हैसूरातच राहते. माझी सून फोनवर बोट फिरवून खोल्यांचे भाव बघते, कुठे नाश्ता धरून आहे, कुठे नाही, आणि स्वस्त काही मिळालं की तिच्या चेहऱ्यावर मला अप्पा दिसतात. मी येत नाही म्हणते. गुडघ्यांमुळे मला आता कुठल्याच सहलीला यायचा उत्साह नसतो, तेवढं कारण पुरतं.

दशमीला, म्हणजे मिरवणुकीच्या दिवशी, सकाळच्या पंगतीनंतर सगळं मंदिर रिकामं झालं. चांगली जागा धरायची म्हणून अप्पा वसंताला घेऊन लवकर निघाले. तुम्ही दोघी आवरून या, चौकातल्या वडाखाली उभे असू, असं सांगून गेले. आईने भांडी घासली, हात धुतले, अंबूबाईंना सांगितलं की संध्याकाळच्या वाटणाला येते. रस्त्यावर आल्यावर मी चौकाकडे वळले तर आई दुसरीकडे चालायला लागली. मी विचारलं कुठे, तर म्हणाली, नजरबादला.

काकूने आम्हाला दारात बघितलं आणि तिचा चेहरा पडला. पुढच्या खोल्यांत बंगळूरची माणसं, माजघरात काकांच्या मुलांचा पसारा, मागच्या पडवीतसुद्धा कुणा भाडेकऱ्यांचा स्वयंपाकी झोपलेला. आईने तिला हळू आवाजात विचारलं, "अक्का, तासभर कुठं पडू देशील?"  उन्हाळ्यातलं काकूला माहीत होतं. "अय्यो, कुठं गं निजवू तुला," ती म्हणाली, "मीच रात्री देव्हाऱ्यासमोर निजते." तिने कॉफी केली. आम्ही ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्यानेच प्यायलो, कारण बसायला जागा नव्हती. निघताना काकूने आईच्या हातात बन्नीची पानं दिली, दसऱ्याचं सोनं म्हणून, आणि तिचे डोळे भरून आले. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि साकु म्हणाली. पुरे.

त्यानंतर आई ज्या पायरीवर चढली ती एका लॉजची होती. मी तिचा पदर धरला. लॉज म्हणजे पैसेवाल्यांची जागा, आणि तिथे बायका एकट्या जात नाहीत, एवढं मला कळत होतं. पहिल्या लॉजमध्ये टेबलावरच्या माणसाने मान वर न करता जागा नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्यात मिरवणूक बघायला पुढच्या सज्ज्यातल्या नुसत्या खुर्च्या भाड्याने होत्या. तिसरा लॉज मंदिरापासून दोन गल्ल्यांवर, मिरवणुकीच्या रस्त्यालाच होता. तिथला मॅनेजर म्हातारा होता, कपाळावर विभूतीचे पट्टे. पुढच्या बाजूची एक खोली अजून आहे, खिडकीतून अंबारी अगदी हाताशी दिसेल, असं म्हणून त्याने भाव सांगितला. तो ऐकून मी दाराकडे वळले.

आई कन्नडमध्ये म्हणाली, "मला काही बघायचं नाही. मागची खोली आहे का?"

मॅनेजरने चष्मा काढला. मागे एक खोली होती, पण तिथून भिंतीशिवाय काही दिसत नाही, वारासुद्धा येत नाही, असं तो म्हणाला. आज अशी खोली घेऊन तुम्ही काय करणार, असं त्याने विचारलं, आणि बरोबर कुणी पुरुष माणूस आहे का तेही विचारलं. आई म्हणाली, मुलगी आहे, आणि दाराला आतून कडी असेल तर तेवढं पुरे. मग ती भावाला बसली. आई घासाघीस करताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. भाजीवाल्याशीसुद्धा अप्पाच बोलायचे. आज या गावात जो तो खिडकी मागतोय, तुमची ती खोली उद्यापर्यंत रिकामीच राहणार, तिचा भाव खिडकीच्या खोलीसारखा कसा, असं ती अगदी सावकाश, न रागावता म्हणाली. मॅनेजरने चष्मा पुन्हा चढवला. त्याने जो आकडा सांगितला तो त्या दिवशी म्हैसूरात दुसऱ्या कुणालाही मिळाला नसता. आईने कनवटीला लावलेला रुमाल सोडला. शेजारणींच्या पोलक्यांना हूक लावून दिल्याचे ते पैसे होते.

खोलीत लोखंडी खाट होती, धुतलेली चादर होती, डोक्यावर पंखा होता. आईने पंख्याखाली उभं राहून एकदा वर बघितलं. मला कडी लावायला सांगितलं, खाटेवर आडवी झाली, आणि पदर नीट करायच्या आतच झोपली. वाक्य अर्धं सोडावं तसा तिचा हात अर्ध्यावर राहिला.

थोड्या वेळाने मिरवणूक आली. मला दिसलं काहीच नाही. खिडकीबाहेर मागच्या घराची भिंत आणि वाळत घातलेलं एक धोतर होतं. पण ऐकू सगळं आलं. आधी लांबून बँड, मग घोड्यांच्या टापा, मग लोकांचा असा काही गलका की खोलीतला पाण्याचा तांब्या थरथरला. हत्तींच्या घंटा येत होत्या, थांबत होत्या, पुन्हा येत होत्या. वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते सगळं लॉजच्या पुढच्या रस्त्यावरून चाललं होतं. मला रडू येत होतं, आणि कडी काढून पुढच्या जिन्यापर्यंत पळावंसं वाटत होतं. तेवढ्यात आई कुशीवर वळली. तिचे तळवे दिसले. मिरच्यांच्या वाटणाने ते लाल होऊन सोलवटले होते, आणि सुईची बोटं वेगळीच काळी दिसत होती. मी खाटेच्या पायथ्याशी खाली बसले आणि बसून राहिले. घंटा लांब गेल्या. आईची झोप मोडली नाही.

दिवस कलला तशी मला अप्पांची आठवण झाली. ते वडाखाली वाट बघून आता मंदिरात परतले असणार. मी बाहेरून कडी घातली, मॅनेजरना सांगितलं आणि मंदिराकडे पळाले. अप्पा दिवाणखान्याच्या दारात होते. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. त्या गर्दीत आम्हाला शोधत ते चौकातून मंदिरात आणि मंदिरातून चौकात किती वेळा फिरले होते कोण जाणे. वसंता रडून रडून झोपला होता. मी सांगितलं, आई लॉजवर आहे, झोपली आहे. त्यांना आधी कळलंच नाही. कुठल्या लॉजवर, कुणाकडे, असं ते विचारत राहिले.

ते माझ्याबरोबर आले. दार उघडून उंबऱ्यातच थांबले. आई तशीच होती, तोंड किंचित उघडं, एक पाय खाटेबाहेर. अप्पांनी खोली बघितली, पंखा बघितला, चादरीला बोट लावलं. मग हळूच भाव विचारला. मी सांगितला. मला वाटलं आता ते बोलतील. कापड बघताना बघत तसे ते आईकडे बघत होते, कुठे विरलंय ते शोधत असल्यासारखे. अखेर त्यांनी विचारलं, "किती वेळ झोपली आहे?"

मी म्हटलं, "हत्ती यायच्या आधीपासून."

"हत्ती गेले तरी उठली नाही?"

मी मान हलवली. अप्पा जिना उतरून खाली गेले. खोली उद्या सकाळपर्यंत आपलीच आहे ना, असं त्यांनी मॅनेजरला विचारलेलं मला वरून ऐकू आलं. परत वर येऊन ते म्हणाले, "उठवू नको. आपणहून उठू दे." आणि निघून गेले.

आई उठली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. उठल्यावर तिला आपण कुठे आहोत ते क्षणभर कळलं नाही, आणि कळलं तशी ती घाबरली. वाटणाला येते म्हणून सांगितलं होतं, अंबूबाई काय म्हणतील, असं म्हणत तिने अंबाडा घातला आणि आम्ही धावतच मंदिर गाठलं. मुदपाकखान्यातून बायकांच्या दबक्या हसण्याचा आवाज येत होता. आई दारात थबकली, मी तिच्या पाठीमागून बघितलं. अप्पा रगड्यावर बसले होते. बाह्या कोपरापर्यंत वर, धोतराचा काचा मारलेला, आणि दोन्ही हातांनी तो बत्ता फिरवत होते. वाटणाचे शिंतोडे कपाळापर्यंत उडाले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात माखलेले असल्यामुळे ते पुसता येत नव्हतं. अंबूबाई शेजारी उभ्या राहून, अजून बारीक, अजून बारीक, असं त्याच शांत आवाजात सांगत होत्या. घरच्या बाईच्या वाटचं काम माझ्याकडे द्या, फुकट राहिलोय, ते फिटायला हवं, असं म्हणून ते आत येऊन बसले, हे मागाहून अंबूबाईंनीच सांगितलं. मंदिराच्या त्या भागात पुरुष येत नसत.

अप्पांनी मान वर केली.

"झोप झाली?"

"झाली," आई म्हणाली.

तिचा एक पाय उंबऱ्यावर होता. मला वाटलं ती आता आत जाईल, त्यांना उठवेल आणि बत्ता हातात घेईल. एरवी तिने तेच केलं असतं. तिने पाय मागे घेतला, माझा हात धरला आणि आम्ही दिवाणखान्यात येऊन बसलो.

आरती झाली, पानं मांडली. आई पहिल्या पंगतीला बसली, भिंतीला पाठ टेकून. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच त्या पंगतीत बसत होती. वाढायला पुरुष होते आणि त्यांच्यात अप्पाही होते. हुळीची बादली त्यांच्या हातात, हात मनगटापर्यंत लाल, डोळे सुजलेले. ते एकेका पानाशी वाकत आमच्यापर्यंत आले. आईच्या भातावर त्यांनी हुळी वाढली आणि पुढे सरकले. आईने पहिला घास घेतला. मग मान न वळवता, पण त्यांना ऐकू जाईल इतपत आवाजात ती म्हणाली, "वाटण जाडं राहिलंय."

अप्पा थांबले.

"अजून वाढा," आई म्हणाली.